काहीच ठरलेलं नसताना वादक काय वाजवतात?

फ्री इम्प्रोव्हायझेशनचा कार्यक्रम पहिल्यांदाच ऐकलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: यात कोणी चुकलं तर कळणार कसं? विचारताना सूर बहुधा खवचट असतो, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. इथेही चुकतं. वादकांना ते तिथल्या तिथे कळतं आणि थोडी सवय झाली की श्रोत्यालाही कळायला लागतं. ते कशावरून कळतं हे समजलं, की हे संगीत बरंचसं हाती लागतं.

आधी मूळ गोष्ट. तीन-चार वादक मंचावर येतात. रचना ठरलेली नसते, स्वरलिपीचा कागद नसतो, पट्टी नसते, ताल नसतो. सुरुवात कोणी करायची, किती वेळ वाजवायचं, कुठे थांबायचं, हेही आपसात बोललेलं नसतं. पुष्कळदा तालीमच झालेली नसते. कधी कधी तर दोघे वादक त्याच संध्याकाळी पहिल्यांदा भेटलेले असतात. मग कोणीतरी एक आवाज काढतो आणि तिथून अर्धा-पाऊण तास जे घडतं ते त्या दिवसाचं संगीत. उद्या पुन्हा तेच चौघे त्याच जागी बसले तरी ते पुन्हा वाजणार नाही, आणि तसं वाजवायचा प्रयत्नही कोणी करणार नाही.

तिथल्या तिथे सुचलेलं संगीत आपल्याला नवं नाही. ख्याल गाणाऱ्याने आजची तान घरून लिहून आणलेली नसते. लयकारी, बोलबांट, एखादी अवचित घेतलेली जागा, सगळं समोरच घडतं. पण राग ठरलेला असतो, बंदिश ठरलेली असते, तबला ठेका धरून असतो आणि कितीही लांब फिरून आलं तरी समेवर यावंच लागतं. श्रोत्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून तर समेला माना डोलतात आणि वर्ज्य स्वर लागला की कपाळाला आठी पडते. जॅझमध्ये रागाच्या जागी गाण्याची चाल असते आणि चालीखाली कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची साखळी. स्पेनच्या फ्लॅमेंको संगीताचं तसंच, जुन्या चर्च-ऑर्गनवादकांचंही तसंच. गिटारवादक डेरेक बेली यांनी इम्प्रोव्हायझेशनवर एक पुस्तक लिहिलं, ते १९८० साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी भारतीय संगीतापासून रॉकपर्यंत सगळ्यांचा धांडोळा घेतला आणि ढोबळ दोन गट पाडले. एका शैलीच्या अंगणात राहून केलेली उपज, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेलं वादन, हा पहिला, आणि कोणत्याच शैलीशी न बांधलेली उपज हा दुसरा. फ्री इम्प्रोव्हायझेशन म्हणतात ते या दुसऱ्या गटाला.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण तो फार वेळा निसटतो. 'आधी तयारी न करता' आणि 'मुक्त' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कीथ जॅरेट यांनी जानेवारी १९७५ मध्ये जर्मनीत कोलोन इथे एकट्याने पियानो वाजवला. आधीपासून काहीच रचलेलं नव्हतं. तरीही ते ध्वनिमुद्रण लाखोंनी खपलं, कारण कानाला त्यात सूर सापडतो, लय सापडते, गुणगुणता येतील अशा ओळी सापडतात. तयारी नव्हती, पण घर ओळखीचं होतं. ज्या कार्यक्रमांबद्दल आपण बोलतोय त्यांत घरही तिथेच बांधायचं असतं.

हे सुरू कुठून झालं

एका माणसाने शोध लावला असं काही नाही. १९६० च्या दशकात निरनिराळ्या शहरांत, बऱ्याचदा एकमेकांचा पत्ता नसताना, वादक जवळपास एकाच टोकाला पोचले. त्यामागे दोन प्रवाह होते. पहिला जॅझचा. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी डिसेंबर १९६० मध्ये आठ वादक घेऊन साधारण ३७ मिनिटांचं सलग वादन ध्वनिमुद्रित केलं, त्यात कॉर्ड्सची साखळी सोडून दिलेली होती. मधूनमधून लिहिलेले छोटे तुकडे मात्र होते. दुसरा प्रवाह लिखित पाश्चात्त्य संगीताचा. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्यासारख्यांनी गोंगाट, योगायोग आणि शांतता या सगळ्यांना संगीतात जागा दिली होती. इंग्लंडचे संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू यांनी १९६३ ते १९६७ या काळात १९३ पानांची अशी एक संहिता काढली, की तिच्यात वर्तुळं, रेषा आणि आकार आहेत, पण ते वाजवायचे कसे याची एकही सूचना नाही. त्यापुढची पायरी म्हणजे कागदच बाजूला ठेवणं.

इंग्लंडमधल्या शेफिल्डची गोष्ट मला यातली सगळ्यात बोलकी वाटते. पोलादाच्या कारखान्यांचं हे शहर. १९६३ च्या सुमारास तिथल्या एका पबच्या माडीवर तिघे जण जॅझ वाजवायला जमायचे: गिटारवर बेली, ड्रम्सवर टोनी ऑक्सली आणि डबल बेसवर गॅव्हिन ब्रायर्स, जे तेव्हा तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते. बेली काही बंडखोर पोरगेला तरुण नव्हते. तिशी ओलांडलेली, डान्स हॉलपासून टीव्हीच्या वाद्यवृंदापर्यंत सगळीकडे पोटापाण्यासाठी वाजवून झालेलं. तिघांनी ठरवून काही मोडलं नाही. आधी ठेका सैल झाला, मग कॉर्ड्सची बंधनं एकेक करून गळाली, आणि दोन-तीन वर्षांत असं काही उरलं की त्याला जॅझ म्हणणं त्यांनाच जमेना. म्हणजे इथे बंधनं झुगारली गेली ती घोषणा देऊन नाही, वापरून वापरून झिजल्यामुळे. या त्रिकुटाने स्वतःला नाव दिलं होतं जोसेफ होलब्रूक, एका विस्मरणात गेलेल्या इंग्रज संगीतकाराचं. थोडी गंमतच.

लंडनमध्ये १९६५ साली एएमएम हा गट जमला: एडी प्रेव्हो, कीथ रो आणि लू गेअर. पुढच्या वर्षी कार्ड्यू त्यात आले. तिथेच ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स आणि त्यांचे सोबती स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल चालवत होते; १९६६ पासून लिटल थिएटर क्लब हा त्यांचा अड्डा. रोममध्ये त्याच वर्षी काही अमेरिकन तरुणांनी म्युझिका इलेत्रोनिका व्हिव्हा काढलं आणि पुढे श्रोत्यांनाही वाजवायला बोलावलं. रोममध्येच त्याच्याही आधी, १९६४ पासून, फ्रांको इव्हान्जेलिस्ती यांचा संगीतकारांचा एक गट होता. त्यात एन्यो मोरिकोने ट्रम्पेट वाजवायचे, हो, सिनेमा-संगीतवाले मोरिकोने तेच. शिकागोत १९६५ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांची एएसीएम ही संघटना उभी राहिली. तिथे रचना आणि उपज यांच्यात भिंत नव्हती. टोकियोत ग्रुप ओंगाकू १९६० च्या आसपासच घरगुती वस्तूंचे आवाज वाद्यांत मिसळत होता. यादी लांबवता येईल, पण तिच्यात फार अडकायला नको.

पहिली काही मिनिटं, जवळून

एक चौकडी धरू. डबल बेस, सोप्रानो सॅक्सोफोन, टेबलावर आडवी ठेवलेली इलेक्ट्रिक गिटार आणि चौथा वादक तालवाद्यांवर. त्याच्याकडे एक स्नेअर ड्रम, दोन-तीन झांजा आणि डबाभर किरकोळ सामान.

सुरुवात तालवाद्यवाला करतो. तारेचा ब्रश ड्रमच्या कातड्यावरून हळू गोल फिरवतो. नुसतं घासणं, ठोका नाही. आता बेसवादकापुढे काय काय वाटा आहेत? एक, त्याच्यासारखं करायचं. दोन, त्याच्या अगदी उलट काहीतरी करायचं. तीन, त्याच्याकडे लक्ष न देता आपलं स्वतंत्र चालवायचं. चार, गप्प बसायचं. कागदावर या चार वाटा दिसतात. प्रत्यक्षात एका सेकंदात निवडायच्या असतात आणि निवडल्या की त्या परत घेता येत नाहीत.

आपला बेसवादक गज उचलतो आणि तारेच्या मधोमध न फिरवता घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, अगदी कडेला फिरवतो. तिथे गज फिरवला की मूळ स्वर दबतो आणि त्यातले वरचे बारीक स्वरांश बाहेर येतात, काचेवर नख ओढल्यासारखे. सुराच्या दृष्टीने ब्रशशी त्याचं काही नातं नाही. पण दोन्ही आवाज खरखरीत आहेत, दोन्हीला सुरुवात-शेवट नाही. म्हणजे नातं स्वराने जोडलं नाही, पोताने जोडलं. हे एकदा कानात बसलं की अर्धं काम झालं, कारण या संगीतात स्वर आणि लय ही दोनच चलनं नसतात. आवाजाचा पोत, जाडी, घनता, मंचावरची जागा, टिकण्याचा काळ, या सगळ्यांत देवघेव चालते.

गिटारवाला अजून तारेला हातही लावत नाही. तो अॅम्प्लिफायरचा आवाज थोडा वाढवतो आणि त्यातली घुरघुर वर येते. ही घुरघुर विजेची असते. जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो तिथे ती बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवर बसते. बेसवादक ते ऐकतो आणि गज आपल्या सगळ्यात उंच मोकळ्या तारेवर आणतो. ती तार साधारण ९८ हर्ट्झला लावलेली असते. १०० आणि ९८ शेजारी आले की हवेतच त्यांची ओढाताण सुरू होते आणि आवाज सेकंदाला दोनदा फुगतो, दोनदा बसतो. तानपुरा लावताना तारा जवळ जवळ येतात तेव्हा असंच डोलणं ऐकू येतं. तिथे ते घालवायचं असतं, इथे ते ठेवलं जातं. हे डोलणं ना बेस वाजवतोय ना गिटार. ते दोघांच्या मध्ये आहे. तालवाद्यवाला ते पकडतो, ब्रश खाली ठेवतो आणि त्या फुगण्याच्या जागी झांजेच्या कडेवर बोटाने हलकं टिचकावतो.

म्हणजे लय आली. कोणी ठरवली नव्हती, कोणी मोजली नव्हती. दोन आवाजांच्या फरकातून निघाली आणि तिसऱ्याने तिला नाव दिलं. बेसवादकाने खुंटी जरा पिळून स्वर १०० च्या जवळ नेला की ती मंदावते, गज दाबून खेचला की बिघडते. चौघांपैकी तिघे आता एकाच धाग्याला धरून आहेत. नियम तयार झाला, आणि तो तुमच्यादेखत झाला.

सॅक्सोफोनवाला एवढा वेळ गप्प आहे. आणि आता, समजा, तो एकदम जोरकस, भरधाव ताना घेऊन घुसतो.

ही चूक आहे का? नुसत्या त्या आवाजावरून सांगता येणार नाही. पुढची दहा-वीस सेकंदं बघावी लागतात. त्याने ते डोलणं ऐकलं असेल आणि 'हे आता पुरे, मोडू या' असं ठरवून आला असेल, तर त्याच्या तानांमध्ये कुठेतरी त्याची खूण असते. तो थांबतो तेव्हा लय शिल्लक आहे का हे तपासतो, आणि बाकीचे तिघे बदललेल्या परिस्थितीत नवं काही शोधू लागतात. पण त्याने ऐकलंच नसेल, म्हणजे आपली पाळी कधी याची वाट बघत बसलेला असेल, तर तो वाजवत राहतो, खालचा नाजूक धागा बुडतो आणि तिघांपुढे दोनच पर्याय उरतात: त्याच्या मागे फरफटत जायचं किंवा आवाज चढवायचा. इथे चूक म्हणतात ती हीच. चुकीचा स्वर असा काही नसतो. न ऐकता लावलेला स्वर असतो.

जॉन स्टीव्हन्स आपल्या वादकांना सांगत असत की दुसऱ्याचं वाजवणं ऐकू येत नसेल तर तुम्ही फार जोरात वाजवताय. सांगायला साधी गोष्ट आहे. पाळून बघा म्हणजे कळेल.

शिकता येतं का

येतं, आणि स्टीव्हन्स यांनी त्यासाठी केलेले सराव आजही कार्यशाळांमध्ये घेतले जातात. एका सरावात प्रत्येकाने आपल्या वाद्यातून निघेल तितका आखूड आवाज काढायचा. टक्. पुन्हा टक्. प्रत्येकाची गती वेगळी, दुसऱ्याच्या गतीशी जुळवायचं नाही. सुरुवातीला नुसता टकटकाट वाटतो. काही मिनिटांनी लक्ष आपल्या टक् वरून सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या आवाजाकडे सरकतं, आणि त्यात असे नमुने ऐकू यायला लागतात जे कोणीच वाजवत नाही. दुसऱ्या सरावात उलट: एका श्वासाइतका लांब, हलका स्वर धरायचा, श्वास संपला की थांबायचं, पुन्हा श्वास घेऊन धरायचा. गजाची वाद्यं वाजवणाऱ्यांनीही गजाचा विचार न करता श्वासाच्या मापाने जायचं. यात कसब दाखवायला जागाच नाही. म्हणून पट्टीचे वादक आणि कालच वाद्य हातात घेतलेले लोक यात एका पंक्तीला बसतात, आणि अवघडल्यासारखं जास्त पट्टीच्या वादकांनाच होतं. प्रेव्हो यांनी १९९९ मध्ये लंडनमध्ये दर आठवड्याची कार्यशाळा सुरू केली, तीही याच धर्तीवर सगळ्यांना खुली.

नवशिक्यांची एक ठरलेली खोड म्हणजे नक्कल. एकाने टुक् केलं की दुसरा लगेच टुक् करतो. ऐकतोय हे सिद्ध करायची घाई असते. दोन-चार वेळा गोड वाटतं, मग संभाषणात समोरच्याचं शेवटचं वाक्य परत म्हणणाऱ्या माणसासारखं वाटायला लागतं. मुरलेले वादक ऐकतात आणि बरेचदा लगेच काहीच करत नाहीत. पाच मिनिटांनी, सगळे विसरलेले असताना, तो टुक् कुठूनतरी परत येतो.

आता वाद्यांबद्दल. या मंडळींची वाद्यं बघून लोक हसतात किंवा हळहळतात, कारण सॅक्सोफोन फुंकण्याऐवजी त्याच्या कळा नुसत्या खडखडवल्या जातात आणि पियानोच्या तारांत खिळे, रबर, बोल्ट अडकवलेले असतात. हा चावटपणा नाही. शाळेत शिकलेला प्रत्येक स्वर आपल्याबरोबर एक शैली घेऊन येतो. सॅक्सोफोनवर नेटका, गोल स्वर धरला की ऐकणाऱ्याच्या मनात जॅझ उभा राहतो. ते टाळायचं तर वाद्याच्या कडेकडेला जावं लागतं. कीथ रो यांचं उदाहरण घ्या. जॅझच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या या माणसाने एका नववर्षाला संकल्प केला की यापुढे गिटार सुरात लावायची नाही. पुढे त्यांनी ती टेबलावर आडवी ठेवली. जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंगवायचे, त्यावरून हे सुचलं. गिटार आडवी झाली की बोटांना पाठ झालेलं सगळं निकामी होतं. हात मोकळे होतात, आणि तारांवर स्प्रिंगा, कानस, बॅटरीवरचा छोटा पंखा ठेवता येतो. पंख्याची मोटर तारेला न लागताही गिटारच्या पिकअपमध्ये गुणगुणते, कारण पिकअप म्हणजे चुंबक आणि वेटोळं. मोटरचं बदलतं चुंबकीय क्षेत्र त्याला लगेच जाणवतं. रो शेजारी रेडिओ ठेवत आणि त्यावर त्या क्षणी जे लागलं असेल ते वादनात येई. तेही आधी ठरवलेलं नसायचंच.

दुसऱ्या टोकाला इव्हान पार्कर. त्यांच्याकडे फक्त सोप्रानो सॅक्सोफोन आणि अफाट तालीम. गालांत हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे आवाज तुटतच नाही. त्यावर बोटांच्या आडव्यातिडव्या जुळण्यांनी एकाच नळीतून दोन-तीन थर निघाल्याचा भास. दहा दहा मिनिटं. मुक्त वादनाला रियाज लागत नाही असं म्हणणाऱ्याला हे एकदा ऐकवावं.

जपानमध्ये तोशिमारू नाकामुरा यांनी तर मिक्सरचं, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राचं, तोंड त्याच्याच शेपटीला जोडलं. बाहेर जाणारी केबल परत आत लावली की यंत्र स्वतःचीच कुजबुज वाढवत नेतं आणि त्यातून शिट्ट्या, स्पंदनं, घरघर तयार होते. बाहेरून काहीच आत येत नाही. बटण केसभर फिरलं तरी आवाज भलतीकडे उडी मारतो, त्यामुळे वाजवणाऱ्यालाही पुढे काय येईल याची खात्री नसते. नाकामुरा, साचिको एम वगैरे मंडळी २००० ते २००५ या काळात टोकियोतल्या ऑफ साइट या चिमुकल्या जागेत वाजवत. भिंतीपलीकडे शेजारी राहत असल्याने आवाज चढवता येत नसे. त्या अडचणीतून इतकं हळू संगीत निघालं की खुर्चीचं करकरणं आणि रस्त्यावरून गेलेली गाडी त्याचाच भाग व्हायची. जगभरच्या वादकांनी पुढे ते जाणूनबुजून उचललं.

चारच जण का

गट लहान असतो, त्याला साधं गणित आहे. दोन वादकांमध्ये नातं एकच. तिघांमध्ये तीन जोड्या होतात, चौघांमध्ये ६, पाच जणांत १०. दहा वादक आले की ४५. प्रत्येकाने सगळ्यांचं ऐकायचं असेल तर चार-पाचच्या पुढे कान थकतो आणि माणूस शेजाऱ्यापुरतं ऐकायला लागतो, नाहीतर सगळे मिळून आवाजाची एक भिंत उभी करतात. मोठ्या गटांनी म्हणून काहीतरी वाहतूक-नियंत्रण आणलं. बुच मॉरिस यांनी १९८५ पासून हातवाऱ्यांची एक पद्धत बसवली, ज्यात समोर उभा असलेला माणूस खुणांनी वादकांना थांबवतो, लांबवायला सांगतो, आठवणीतला तुकडा परत आणायला लावतो. जॉन झॉर्न यांनी १९८४ मध्ये पत्त्यांसारखी कार्डं आणि नियम असलेला खेळच तयार केला. दोन्ही प्रकार ऐकायला झकास आहेत, पण तिथे कोणीतरी खूण करणारा असतो. चौकडीत तो नसतो. मला वैयक्तिक आवड विचाराल तर त्रिकूट: तिघांत एक जण नेहमी दोघांच्या मध्ये किंवा दोघांच्या बाहेर असतो, आणि ती जागा सारखी फिरते.

जागेचाही वाटा असतो. पॉलीन ओलिव्हेरोस आणि त्यांचे दोन सहकारी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरले आणि तिथे वाजवलं. त्या टाकीत आवाजाचा घुमारा ४५ सेकंद टिकतो. म्हणजे तुम्ही आत्ता जे वाजवाल ते पाऊण मिनिटभर तुमच्याबरोबर वाजत राहणार, पुसता येणार नाही. अशा ठिकाणी टाकी हीच चौथी वादक.

आता कबूल करायची गोष्ट. हे पुष्कळदा फसतं. चांगली चौकडीही एखाद्या दिवशी नुसती भटकत राहते. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मोहाचा खड्डा म्हणजे चढत जाणं: हळू सुरू करायचं, वाढवत न्यायचं, शेवटी धडाका, मग शांतता, टाळ्या. हमखास चालतं, म्हणूनच कंटाळवाणं आहे. दुसरं असं की कोणत्याही शैलीचं नसलेलं हे संगीत साठ वर्षांत स्वतःच एक शैली होऊन बसलं आहे. ठरावीक खरखर, ठरावीक टुकटुक, अचानक थांबणं. जाणकार कान पहिल्या मिनिटात ओळखतो. बेली यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे 'कंपनी' नावाचा उपक्रम. १९७६ पासून ते निरनिराळ्या वाटांचे, एकमेकांना फारसे न ओळखणारे वादक एकत्र आणत आणि काही दिवस वेगवेगळ्या जोड्या करून वाजवायला लावत. ओळख पिकली की सवयी पिकतात, त्याच्या आत वाजवून घ्यायचं. प्रेव्हो यांच्या एएमएम गटाने नेमका उलट रस्ता धरला आणि तीच माणसं दशकानुदशकं एकत्र वाजवत राहिली. कोण बरोबर हे ठरवणं मला तरी जमलेलं नाही.

शेफिल्डच्या त्रिकुटातले ब्रायर्स तर १९६६ मध्ये या सगळ्यातून बाहेरच पडले आणि रचनाकार झाले. त्यांचा आक्षेप वजनदार आहे. उत्स्फूर्त वादनात संगीत आणि ते करणारा माणूस वेगळे काढताच येत नाहीत, जणू चित्रासमोर कायम चित्रकारच उभा. आणि त्यांना ते नको होतं. विशेष म्हणजे हा आक्षेप बेली यांनीच आपल्या पुस्तकात छापला.

आणखी एक त्रुटी त्या काळच्या मंचांवर उघड दिसत होती: जवळपास सगळे पुरुष. मॅगी निकल्स, लिंडसे कूपर आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९७७ मध्ये लंडनमध्ये फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुप उभा केला, आणि मंचावर विनोद, नाटक, घरकामाच्या वस्तू आणल्या. पडलेल्या चेहऱ्यांनी वाजवायच्या रिवाजालाही तो चांगला धक्का होता.

मेंदूत काय होतं, हा प्रश्न हल्ली लगेच येतो. २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि अॅलन ब्राउन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावलं. पाठ केलेलं वाजवताना आणि सुचेल ते वाजवताना फरक दिसला: उपजेच्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागातला, स्वतःवर पहारा ठेवण्याशी जोडला जाणारा एक पट्टा मंदावला होता. निष्कर्ष रंजक आहे, पण वादक सहाच, एकेकटे आणि जॅझच्या चौकटीतले. चौघांच्या ऐकण्याबद्दल त्यावरून फार बोलू नये.

राहिला शेवट. वादन थांबतं कसं? कोणी खूण करत नाही. आवाज विरळ होत जातो, एक जण हात वाद्यावरून काढतो, दुसरा त्याच्याकडे न बघता थांबतो, आणि मग काही सेकंद अशी येतात की संपलं की नाही हे चौघांनाही नक्की माहीत नसतं. कधी तिघांनी संपवलेलं असताना चौथ्याला अजून काही सांगायचं असतं. मग ते तिघे परत येतात, किंवा त्याला एकट्याला सोडतात. मुरलेल्या गटांत हा शेवट एकत्र सापडतो आणि तो सापडलेला ऐकू येतो. टाळीची घाई करू नका. पहिली टाळी कधी कधी चांगला पुढचा भाग मारून टाकते.

पहिल्यांदा जाणार असाल तर पुढे बसा, हात दिसतील अशा जागी. सगळं एकदम ऐकायचा अट्टाहास सोडा. एक जोडी निवडा आणि तिच्यात काय चाललंय ते बघा, मग दुसरी. वाजवत नसलेल्या माणसाकडे विशेष लक्ष ठेवा, तो काय ऐकतोय त्यावरून पुढचं बरंच कळतं. कंटाळा आला तर येऊ द्या, पण तो किती वेळ टिकतो तेही बघा. आणि आवडलं नाही तर न आवडण्यात काही कमीपणा नाही. ब्रायर्सनाही नाहीच आवडलं.

ध्वनिमुद्रणं भरपूर मिळतात. कार्ड्यू यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की उत्स्फूर्त वादनाची टेप ही जवळजवळ पोकळ नोंद असते, कारण ती खोली, ती वेळ आणि तिथली माणसं तिच्यात येत नाहीत. हे म्हणणाऱ्या माणसाच्या गटाची पहिली रेकॉर्ड तोवर निघालेली होती. बेली, पार्कर आणि ऑक्सली यांनी तर १९७० मध्ये इन्कस ही स्वतःची रेकॉर्ड कंपनीच काढली. विसंगती आहे खरी, पण तिच्यामुळेच आपल्याला ते आज ऐकायला मिळतं. घरी ऐकायचं तर दोनच वादकांच्या रेकॉर्डपासून सुरुवात करा, आवाज ओळखायला सोपे जातात. एकच काळजी घ्या: तोच तुकडा चार-पाचदा ऐकलात की पुढे काय येणार ते तुम्हाला पाठ होतं आणि सगळं आधी ठरवून वाजवल्यासारखं वाटायला लागतं. म्हणून कुठे कार्यक्रम असेल तर आधी तिथे जा, रेकॉर्ड नंतर लावा.